तीन खाचांचा बिल्ला

माझ्या आईचा बिल्ला मी घालवला. हे आधीच कबूल करते. पुढं मी एका माणसाबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणायला नको, की हिनं स्वतःचं तेवढं लपवलं.

आई एकोणीस वर्षं सूतगिरणीत होती. प्रत्येक बाईला नंबर ठोकलेला पितळी बिल्ला असायचा, रुपयाएवढा, वर दोरा ओवायला भोक. कामावर जाताना गेटवरच्या पेटीत टाकायचा, सुटताना परत घ्यायचा. पेटीत बिल्ला नाही, तर बाई आलीच नाही. एके दिवशी गेट उघडलंच नाही, म्हणून बिल्ले बायकांच्या घरी राहिले. आता तिथं मंगल कार्यालय आहे. हजेरीची पुस्तकं कुठं गेली ते विचारायला आम्ही तीन कार्यालयं पालथी घातली, कुणाला पत्ता नाही. आईनं तिथं काम केलं याचा तिच्याजवळचा पुरावा म्हणजे तो बिल्ला.

मी बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. या सगळ्या बिल्ल्यांचं एक प्रदर्शन करावं, असं माझ्या डोक्यात होतं. कुणीतरी म्हणालं, गावात नाणी-टोकनं जमवणाऱ्यांचं मंडळ आहे, त्यांना विचार. म्हणून मी गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका तालमीच्या माडीवर मंडळ बसतं. खाली पोरांचे शड्डू, वर पंधराएक पुरुष भिंगं घेऊन. बाई म्हणून मी एकटीच.

अध्यक्ष पेढीवाले. अंगठ्या घातलेल्या हातानं त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पहिला नियम सांगितला, "दुसऱ्याच्या नाण्याला हात लावायचा न्हाई, ताई." दुसरा नियम सांगितला नाही. मधोमध एक लाल अलवाण अंथरलेलं होतं, त्यावर चारसहा नाणी मांडलेली. मला वाटलं, दाखवायची वस्तू इथं ठेवायची. मी आईचा बिल्ला ठेवला.

अध्यक्षांनी तो उचलला नाही. वाकून बघितला, खिशातून एक ढब्बू पैसा काढला आणि बिल्ल्याला खेटून ठेवला. मला वाटलं, मला दाखवतायत. मी मान हलवली. चहा आला. मी कप तोंडाला लावला आणि अध्यक्षांनी बिल्ला उचलून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला.

"अहो, माझा आहे तो."

"होता. बदली झाली की."

"कसली बदली?"

त्यांनी मग सांगितलं. अलवाणावर ठेवलं ते बदलीसाठी. शेजारी कुणी आपलं ठेवलं आणि चहा येईपर्यंत तुम्ही तुमचं उचललं नाही, की सौदा पक्का. तोंडानं बोलायचं नाही, बोललं की घासाघीस होते. "आमच्या मंडळाची रीत हाय. चहा घेतलासा न्हवं?"

मी सगळ्यांकडं बघितलं. सगळे कपात बघत होते. घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा तेवढे म्हणाले, "द्या की हो. पोरीला काय म्हाईत?"

"आज हिला दिलं तर उद्या सगळ्यास्नी द्याय लागंल," अध्यक्ष म्हणाले.

माझ्या आईच्या बिल्ल्याबद्दल हा माणूस तत्त्व सांगत होता. ढब्बू तिथंच टाकून मी जिना उतरले.

घरी आई भाकऱ्या थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साऱ्या गावाला पत्रकं वाटतीस. आणि आईचा बिल्ला चहावर दिऊन आलीस व्हय गं?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. ते मी अध्यक्षांच्या नावे जमा केलं.

पाच महिने मी प्रत्येक पहिल्या रविवारी माडीवर गेले. अलवाणावर काही ठेवलं नाही, चहाला शिवले नाही, कोपऱ्यात बसून ऐकलं. दर वेळी जाताना एकदाच विचारायची, "बिल्ला देताय?" ते हसायचे. "ताई लई चिकाटीच्या," असं इतरांना सांगायचे. मी चिडून यायची बंद होईन, असा त्यांचा हिशेब असावा. पत्रकं वाटणाऱ्या माणसाला दारातून हाकललेलं अंगवळणी पडलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग मंडळाचं प्रदर्शन आलं. एका शाळेच्या हॉलमध्ये, तीन दिवस. पहिल्याच सकाळी चाचांचा फोन. "तुझा बिल्ला मधल्या पेटीत लागलाय. पाटी वाचून जा."

गेले. काचेखाली मखमलीवर आईचा बिल्ला. लिंबू-राखेनं घासून लखलखीत केलेला. दोऱ्यानं भोकाशी पडलेली काळी रेघसुद्धा गेलेली. खाली अध्यक्षांच्या वळणदार अक्षरात पाटी: 'संस्थानकालीन जकात नाक्याचे दुर्मीळ टोकन. कडेच्या तीन खाचा सराफाने धातूचा कस पाहिल्याच्या. अध्यक्षांच्या खासगी संग्रहातून.'

मला राग यायला हवा होता. पण आनंद झाला. इतका आनंद मला मोर्चा यशस्वी झाल्यावरही झालेला नाही.

त्या खाचा गिरणीतली प्रत्येक बाई ओळखते. उशीर झाला की टाइमकीपर कानशीनं बिल्ल्याच्या कडेला खाच पाडायचा. तीन खाचा झाल्या, की चौथ्या उशिराला गेट बंद. रुप्याच्या नाण्यांवर सराफांच्या खुणा बघत जन्म गेलेल्या माणसाला पितळेवरही सराफच दिसला.

दुपारी पिवळ्या कागदावर पत्रक छापून घेतलं. एकच ओळ: 'मधल्या पेटीतला बिल्ला कुणाचा, ते त्या बाईलाच विचारा.' संध्याकाळी उचगाव आणि गडमुडशिंगी, गिरणीतल्या बायकांची ही दोन गावं पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढं वडापच्या दोन जीपगाड्यांतून अकरा बायका उतरल्या, प्रत्येकीच्या बटव्यात नाहीतर पदराच्या गाठीत आपापला बिल्ला. बारावी आई.

अध्यक्ष कॉलेजच्या पोरांना आणि त्यांच्या सरांना मधली पेटी समजावत होते. कस, सराफ, संस्थान, सगळं चाललं होतं. गडमुडशिंगीच्या एका मावशींनी काचेवर आपला बिल्ला टक्कन ठेवला.

"पावणं, ह्यो माझ्याकडं बी हाय. मी काय जकात गोळा करत हुतो व्हय?"

पोरं हसली. मग एकेक बिल्ला काचेवर पडत गेला. सर खाली वाकून नंबर वाचायला लागले. एकीच्या बिल्ल्यावर एक खाच, एकीच्यावर दोन. सरांनी अध्यक्षांना नाही, आईला विचारलं, "ह्या खाचा कसल्या हो?"

"उशिराच्या," आई म्हणाली. "म्हैस अडली तवा एक. एस्टी आली न्हाई तवा एक. तिसरी हिच्यापायी, तापानं फणफणली हुती ही." तिनं माझ्याकडं बोट केलं.

सरांनी पाटीकडं बघितलं आणि मग अध्यक्षांकडं. अध्यक्षांचा चेहरा मी अजून डोळे मिटून बघू शकते.

"बाहेर बोलूया का, ताई?"

"न्हाई. हितंच."

त्यांनी किल्ली काढली. पेटी उघडेपर्यंत दोनदा कुलूप चुकलं. बिल्ला आईच्या हातावर ठेवताना म्हणाले, "घ्या, मावशी. वाद नको." आईनं तो उलटापालटा केला, "घासलासा कशाला?" म्हणाली आणि पदराला गाठ मारली.

एखाद्या भल्या मुलीनं इथं थांबावं. मी थांबले नाही. "पाटी नवीन लिहा," म्हटलं.

चाचांनी कोरं कार्ड पुढं केलं. अध्यक्षांनी लिहिलं: 'गिरणी कामगाराचा हजेरी बिल्ला.'

"बाईचा होता."

त्यांनी खोडून 'कामगार स्त्रीचा' केलं.

"खाचा."

त्यांनी खाचा लिहिल्या.

"आता तुमच्याकडं कसा आला ते."

मग त्यांनी 'गैरसमजातून आला' असं लिहिलं.

"समज कुणाचा चुकला? तुम्हाला सगळं समजत होतं."

"बास की गं," आई म्हणाली, "रडंल त्यो आता." अकरा बायका खळखळून हसल्या, आणि त्या हसण्यानं माझ्या पाच महिन्यांपेक्षा जास्त काम केलं. अध्यक्षांनी 'गैरसमजातून' खोडलं आणि लिहिलं, 'मालकिणीला रीत न सांगता घेतला. परत केला.' मी खाली सही मागितली. केली.

बिल्ला आई घेऊन गेली, पेटीत कार्ड राहिलं. प्रदर्शन अजून एक दिवस होतं, आणि राखायला माणूस नसला की कार्डही जातं, एवढं मला कळतं. म्हणून तिसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी गेले, रिकाम्या मखमलीसमोर खुर्ची टाकली आणि हॉल बंद होईपर्यंत उठले नाही. येणाऱ्या प्रत्येकाला म्हटलं, "वाचा. मोठ्यानं वाचा."