मिस्त्रींचं नाणं

आमचे मिस्त्री कुठलीही वस्तू आधी नाण्यानं ठोकून पाहत. पाण्याची टाकी, दाराची फळी, एकदा तर शेठच्या नव्या गाडीचं बॉनेटसुद्धा. आवाज बद्द आला की कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून म्हणत, "आतून पोकळ हाय. शी!" नागपूरपलीकडे, सौंसरजवळच्या आमच्या शेडमध्ये त्या 'शी'ला सगळे टरकून असत.

आम्ही धरणावरच्या सहलीसाठी फायबरच्या मोटारबोटी बनवत असू. समुद्र कुठे, तुम्ही कुठे, म्हणून लोक हसायचे. मिस्त्री मात्र कोकणातल्या कारखान्यात काम शिकून आलेले. बोट बाहेरून आत बनते, असं ते शिकवत. बोट चिकटू नये म्हणून साच्याला मेण, त्यावर रंगाचा थर, मग काचेच्या धाग्यांच्या चादरी. वरून प्लॅस्टिक अंथरून पंपानं हवा ओढली की चिकट रेझिन आपसूक सगळीकडे भिनतं. एक बुडबुडा दिसला तरी काम बंद. "लोकायचे लेकरं बसनार हायेत याच्यात, बाई," असं मला सुनावत.

रेझिनच्या वासानं मला अजून मळमळतं. त्याहून जास्त किळस येते शेठची, आणि माझीही.

दिवाळीच्या तोंडावर मिस्त्री छातीच्या दुखण्यापायी आठ दिवस नागपूरला गेले. शेठला सुट्ट्यांआधी बोट धरणावर हवी होती आणि साच्याचं मेण संपलेलं. त्यानं काय करावं? संत्र्यांना चमक आणायला मारतात ते मेण शेजारच्या कारखान्यातून उचलून आणलं! "चमकते ना? मेन ते मेनच." पंपही लावू दिला नाही, रेझिन ब्रशनंच फासायला लावलं. व्हायचं तेच झालं. बोट साच्याला घट्ट चिकटली. पहारी घालून, साखळीनं ओढून काढली तेव्हा तळातून कडकड आवाज आला. आतले थर सुटले होते. शेठ म्हणाला, "पुट्टी भर अन् रंग मार." मी भरली. घासून घासून आरशासारखी केली.

मिस्त्री आले आणि बोटीभोवती नाणं ठोकत फिरले. टण, टण, टण. तळाशी बद्द. तिथं त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल काढला.

"वरून चकाचक हाय," शेठ म्हणाला. "खालून कोन पाहून राहिलं?"

"पानी पाहून राहिलं ना!"

त्यांनी ग्राइंडर उचलला आणि तो गोल कापूनच काढला. आतले पापुद्रे उपसून शेठच्या पायाशी टाकले. "शी!" शेठनं त्यांना उभ्या उभ्या कामावरून काढलं.

बसस्टँडवर मी त्यांना गाठलं. नागपूरची बस लागलेली होती.

"मिस्त्री, पुट्टी मी भरली होती."

"मालूम हाय मले. तुया हात लय साफ हाय, बाई. दुसऱ्या कोनं भरली असती तं डोयालेच दिसली असती."

थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. ते बसमध्ये चढले. पुन्हा भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. "ते भोक बुजवाले ये. तुयाइतकं साफ कोनाले जमून नाही राहिलं."

"शी!" मी म्हणाले आणि फोन ठेवला. ती बोट अजून शेडमागे पडली आहे, भोक वर करून.