बाबांचं बोलायचं राहिलं

"मावशी, पास्टर आलेत. तू किचनमध्ये थांब."

मॅडम म्हणाली. वर्तकनगरच्या फ्लॅटमध्ये तिचे सासरे, बाबा, मरायला टेकलेले. आठ महिने त्यांचं हगणंमुतणं मी काढलं, तेव्हा नाही कुणी मला किचनमध्ये धाडलं. मीही ख्रिस्ती, त्यांच्याच मंडळीतली, त्याच चर्चमधली. पण आमचे आजे गावकुसाबाहेरचे. म्हणून आम्ही दूध पावडरचे ख्रिस्ती, फुकटच्या पावडरीसाठी बाटलेले. तोंडावर म्हणत नाहीत. कळतं.

मी गेले किचनमध्ये. थांबले. सांगायला शरम वाटते, पण थांबले.

त्या घरात कुणाला माहीत नव्हतं, रोज चारचा चहा झाला की बाबा आणि मी प्रार्थना करायचो. पद्धत माझ्या आईची. विठ्ठलवाडीच्या आमच्या खोलीत जेवायच्या आधी प्रत्येकाने दिवसाची चूक स्वतःच्या तोंडाने सांगायची. ज्याला दुखवलं त्याची तिथंच माफी मागायची. मग म्हणायचं, "प्रभू, आज बोलावलंस तर तयार आहे." आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. "आई, रोज मरायचं का गं?"

"रोज थोडं उरकून ठेवायचं. शेवटच्या दिवशी घाई नको."

आई भर दुपारी गेली, माझा हात धरून. खरंच घाई नव्हती तिला.

बाबा मंडळीचे जुने पंच. चर्चमध्ये पुढे उभं राहून खणखणीत प्रार्थना करायचे. आणि मरणाला इतके भ्यालेले की दिवसासुद्धा ट्यूबलाइट बंद करू देत नव्हते. मला ही प्रार्थना पुटपुटताना ऐकलं त्यांनी. म्हणाले, "मला शिकव."

आधी बारीकसारीक चुका निघाल्या. मुलाला मारलेलं, बायकोला तोडून बोललेलं. मग एक दिवस रडायलाच लागले. "चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला तुमच्या लोकांना शेवटी द्यायचा, हा नियम माझा. तुझ्या आईला मीच रांगेतून मागे पाठवलेलं."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. म्हटलं, "मला एकटीला सांगून भागणार नाही, बाबा. सगळ्यांसमोर सांगा."

"पास्टर येतील तेव्हा सांगतो. तू बाजूला बस."

आणि पास्टर आले तेव्हा मी किचनमध्ये. आतून आवाज आला, "मावशीला बोलवा. मला बोलायचंय."

"बाबा भ्रमात आहेत," मॅडम म्हणाली आणि गीत सुरू केलं. बाबांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा. मी ओटा धरून उभी. संध्याकाळी ते गेले. डोळे उघडेच होते, मी मिटले.

ती हाक कानातून जात नाही. भाजी निवडताना येते, कल्याणला रिक्षाच्या लायनीत येते. मी वळून बघते. येडीच झालेय.

तिसऱ्या दिवशी घरी स्मरणाची सभा होती. मॅडम म्हणाली, "चहाचं बघ." मी ट्रे खाली ठेवला आणि हॉलच्या मधोमध उभी राहिले. बाबांनी जे कबूल केलेलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"तोंड आवर! कामवाली आहेस तू," मॅडम ओरडली.

"हो, आहे. आणि ज्या बाईला मागे पाठवलं तिची मुलगी आहे."

पास्टर खाली बघत बसले.

काम गेलं. जाऊ दे खड्ड्यात. लोक विचारतात, माफ केलंस का म्हाताऱ्याला? नाही केलं. चारचौघांत माफी मागणार होता, त्याला घरच्यांनी मागू दिली नाही. किचनमध्ये थांबले, म्हणून त्यात मीही आले. हे मी रोज जेवायच्या आधी माझ्या पोरांसमोर कबूल करते. मरणाचं मला काही वाटत नाही. पण असं काही पोटात ठेवून मी मरणार नाही. जो गप्प बस म्हणेल, त्याच्यासमोर, त्याच घटकेला बोलणार.