एकट्याची आस्थापना

आमच्या वर्ध्याच्या कार्यालयात भरती, बदल्या, रजा, पेन्शन बघणारी आस्थापना शाखा म्हणजे चंद्रभान ढगे. शाखेत कारकुनांची पाच पदं मंजूर आहेत. दोघं निवृत्त झाले, एक बदलून गेला, एक देवाघरी गेला आणि उरला हा. रिकाम्या जागांचा अहवाल दर महिन्याला वर पाठवायचं कामही त्याचंच. आधी आमच्याच शाखेत माणसं द्या, असं तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला आणि वरचे ते वाचून फायलीला लावत राहिले. मी शेजारच्या टेबलावर, आवक-जावकला. सहाशे जणांची सेवापुस्तकं सांभाळणारा हा गृहस्थ डबा खाताखाता शेरे लिहायचा. मी ओरडले की म्हणायचा, "सुमित्राबाई, मी आजारी पडलो तं माही रजा टिपालेबी मीच लागतो."

रोहण्याकडची भागाबाई त्याच्याकडे नेहमी यायची. तिचा नवरा टिकाराम आमच्याकडे चौकीदार होता, नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागी मुलगा नागेशला घ्यावं म्हणून अनुकंपाच्या यादीत नाव लागलं, त्याला अकरा वर्षं झाली. तोवर नागेश महामार्गावरच्या जामच्या चौकात ट्रकची चाकं उतरवत होता. वयाची पंचेचाळीस पूर्ण झाली की यादीतून नाव जातं, म्हणून चंद्रभानने एकदा तिला सहज विचारलं, "पोराचा जन्म कवाचा, माय?"

"मी कापूस वेचून राह्यली होती. वावरातच कळा लागल्या. दिवाळी होऊन गेलती."

हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. मीच ते त्याच्या टेबलावर ठेवलं. नागेशचा नंबर लागला होता, कागद तपासून प्रस्ताव पाठवायचा होता. काम दोन दिवसांचं. पण मार्चअखेरीला निवृत्त होणाऱ्यांची पेन्शन अडू नये म्हणून तो त्यात गुंतला, मग बदल्या आल्या, मग कोर्टाची माहिती. मी एकदा आठवण केली. म्हणाला, "नागेशले पंचेचाळीस व्हाले दिवाळीलोक वेळ हाये. जुलैत करतो." कागद बघितल्याशिवाय स्वतःच्या बापाची जन्मतारीखही खरी न मानणारा माणूस! या एका वेळी त्याने आईच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण फाइल उघडायलाही त्याला सवड नव्हती.

तीन जुलैला त्याने ती उघडली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जुलै. गुरुजी नाव घालताना निम्म्या गावाला एक जुलैच लिहायचे, हे चंद्रभानइतकं कोणाला ठाऊक? त्याच्या कपाटातली कितीतरी सेवापुस्तकं त्याच तारखेची आहेत. नागेशला कागदोपत्री पंचेचाळीस पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. चंद्रभानने मला बोलावलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मला चीड आली ती त्या चार रिकाम्या खुर्च्यांची. त्यातल्या एकीवर कोणी बसलेलं असतं तर ही तारीख फेब्रुवारीतच दिसली असती. आणि एकदाच आठवण करून गप्प बसले, म्हणून माझीही.

दोन दिवसांची सूट द्यावी, अशी त्याने वर विनंती केली. एरवी सहा महिने न हलणारं वरचं कार्यालय, पण उत्तर आठ दिवसांत आलं. नियमात बसत नाही.

मायलेक आले तेव्हा चंद्रभानने उभं राहून सगळं सांगितलं, चूक स्वतःची, हेही सांगितलं. नागेश म्हणाला, "जाऊ द्या बाबूजी. तुमी एकटे किती पाहान." आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. भागाबाई मात्र बाकावरून उठेना.

"मी वेचणीचं बोलली नसती," तिने हळूच विचारलं, "तं पोराले नौकरी लागली असती का जी?"

तीस वर्षांत चंद्रभानने एकही खोटी नोंद केलेली नाही. तो तिच्याजवळ खाली बसला.

"नाई माय," तो म्हणाला, "तरीबी नसती लागली."