अंबुबाईंचे छत्तीस रोग

बेळगावच्या कॅम्पात, एका बेकरीच्या आणि एका शिंप्याच्या मधोमध अंबुबाईंचं दुकान आहे. रुंदी जेमतेम नऊ फूट. माल एकच: 'जोतिबा अर्क'. करंगळीएवढी बाटली, पिवळं लेबल आणि लेबलावर एका मिशाळ माणसाचं चित्र. ते अंबुबाईंचे सासरे, उचगावचे जोतिबा आप्पा.

आप्पा इंग्रजांच्या काळात कॅम्पातल्या दवाखान्यात बाटल्या विसळायच्या कामावर होते. विसळता विसळता त्यांना एक गुपित सापडलं. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल या तीन खडेवजा घट्ट वस्तू एका बाटलीत घालून हलवल्या, की त्यांचं आपोआप पाणी होतं. हे गुपित गावोगावच्या वैद्यांना ठाऊक आहे हे त्यांना नंतर समजलं. तोवर लेबलं छापून झाली होती.

लेबलाच्या मागच्या बाजूला रोगांची यादी होती. आप्पांनी दिलेली यादी अकरा रोगांची. छापखानेवाला म्हणाला, कागदावर जागा लई उरतीया. मग दोघांनी चहा मागवून उरलेले पंचवीस रोग तिथंच बसून काढले. गिऱ्हाइकं तेव्हा बहुतेक पलटणीची, त्यामुळं यादीत 'घोड्याचा पोटशूळ' आला आणि 'विलायतेच्या आठवणीनं येणारी उदासी'सुद्धा आली. साहेब गेले, घोडे गेले, यादी राहिली. पुढं आप्पांचा मुलगा, अंबुबाईंचा नवरा महादेव, गल्ल्यावर बसला. त्यानं साहेबांची उदासी काढली आणि तिथं 'परीक्षेचा धसका' घातला, म्हणजे आकडा छत्तीसचा छत्तीसच.

महादेव जाऊन चौदा वर्षं झाली. तेव्हापासून अंबुबाई रोज खासबागेतून रिक्षानं येतात, फळी उघडतात, मागच्या खोलीत अर्क तयार करतात आणि पुढं येऊन विकतात. वय अडुसष्ट. आवाज असा, की शेजारच्या बेकरीवाल्याला फोन करावा लागत नाही. अर्कावर त्यांचा विश्वास सूर्य उगवण्यावर असावा तसा होता. कधी तपासून बघावा असं मनातही आलं नव्हतं.

मग एका जूनमध्ये औषध खात्याचा नवा अधिकारी दुकानात आला. प्रशिक त्याचं नाव. पोरसवदा, चष्मा, बोलणं मऊ. अंबुबाईंनी त्याला स्टुलावर बसवला आणि बेकरीतून चहा-खारी मागवली.

"मावशी, तुमच्या परवान्यात तीनच विकार आहेत," प्रशिक म्हणाला. "अपचन, सर्दी, डोकेदुखी. लेबलावर छत्तीस कसे?"

"तीन हाईत की त्यात."

"हो, पण वरचे तेहतीस काढावे लागतील. दोन महिन्यांत."

"काढा म्हंजे? माणसाला हुतात ते रोग आम्ही कसं काढायचं?"

प्रशिकनं वाद घातला नाही. त्यानं खारीचा तुकडा तोंडात टाकला, कागद घेतला आणि यादी मोठ्यानं वाचत उतरवून घ्यायला लागला. "क्रमांक एकोणीस, घोड्याचा पोटशूळ. क्रमांक वीस, उच..." आणि त्याला उचकी लागली.

अंबुबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच तीन थेंब टाकलेला बत्तासा त्याच्या हातावर ठेवला. "घे लेका. क्रमांक वीस."

प्रशिकनं बत्तासा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, नाकपुड्या मोकळ्या झाल्या आणि आणखी मोठी उचकी आली. दुसरा बत्तासा झाला. तिसरा झाला. बेकरीवाला बघायला आला, शिंपी कात्री हातात घेऊन आला. उचकी काही थांबेना. पाऊण तासानं तिला वाटलं तेव्हा ती गेली.

अंबुबाईंनी प्रशिकच्या हातातलं पेन घेतलं आणि क्रमांक वीसवर स्वतःच काट मारली.

"हे खोटं हाय," त्या म्हणाल्या.

प्रशिकलाच वाईट वाटलं. "मावशी, एका माणसावरून असं ठरवता येत नाही. पुष्कळ जणांना विचारावं लागतं. काहींना औषध द्यायचं, काहींना द्यायचं नाही, मग फरक बघायचा."

तो हे समजूत घालायला म्हणाला. अंबुबाईंनी ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर एक शाळकरी वही आली. पहिले सापडले मारुतीराव. पलटणीच्या बँडात कर्णा वाजवून निवृत्त झालेले हे गृहस्थ गुडघेदुखीसाठी दर पंधरा दिवसांनी बाटली नेत.

"गुडघ्याला किती फरक पडला, मारुतीराव? खरं सांगायचं."

"गुडघ्याला?" मारुतीराव गोंधळले. "गुडघ्याला मी कुठं लावतोय आक्का? भजनात झोप येतीया, म्हणून रुमालावर टाकून हुंगतोय. टाळ वाजवणारानं पेंगलेलं बरं दिसतंय काय?"

मग आल्या जयाबाई. पित्तासाठी बावीस वर्षं अर्क नेणाऱ्या. त्यांनी पदर सारखा केला आणि सांगून टाकलं, की अर्क कापसावर घालून त्या साड्यांच्या कपाटात ठेवतात, कसर लागू नये म्हणून.

"बावीस वर्षं पित्त म्हणून नेतीस की गं!"

"पित्त म्हटलं की तू बसायला देतीस, थंड पाणी देतीस, चार शब्द बोलतीस. कसर म्हटलं असतं तर बसवून घेतली असतीस व्हय?"

आठवडाभरात वहीची चार पानं भरली. एकीनं अर्क नवऱ्याच्या बुटात टाकला होता, एकानं स्कूटरच्या डिकीत. पोटात घेणारे भेटले ते सगळे अपचनाचे, सर्दीचे नाहीतर डोकेदुखीचे. परीक्षेच्या धसक्यासाठी नेणारी मुलगी तर दोनदा नापास झाली होती. त्या संध्याकाळी फळी लावताना अंबुबाई लेबलावरच्या मिशांकडं बघून म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही मला काय इकायला बसवलासा हो?" आणि जेवल्या नाहीत.

यात एकाच माणसावर त्यांची भिस्त उरली होती. जांबोटीचा कल्लाप्पा. दर पावसाळ्याच्या तोंडाला एस्टीनं यायचा आणि एका दमात डझनभर बाटल्या न्यायचा. एवढी औषधं घेणारा माणूस किती आजारी असेल या विचारानं अंबुबाईंना दरवर्षी त्याची कणव यायची. यंदाही तो आला.

"कल्लाप्पा, पोट लई खराब हाय काय रं तुझं?"

"पोट? पोट दगड पचवतंय माझं. ह्ये जळवांसाठी."

"जळवांना काय झालंय?"

"त्यास्नी काय व्हतंय! मला हुतंय. भाताच्या रानात उतरलं की पायाला गोळा हुत्यात. खोबरेल तेलात अर्क मिसळून पायाला फासायचा. मग एक जवळ येत न्हाय."

महिन्यापूर्वीच्या अंबुबाईंनी हे ऐकून पेढे वाटले असते. आताच्या अंबुबाईंनी वही मिटली आणि विचारलं, "तुझ्या घरी दोन दिवस राहायला जागा हाय?"

जांबोटीची गाडी चुकली तर दुसरी कधी येईल ते कुणी सांगत नाही. अंबुबाई पहिलीच गाडी धरून गेल्या. पाऊस नुसता कोसळत होता. फाट्यापासून कल्लाप्पाच्या घरापर्यंत दीड मैल चिखल तुडवला. त्याची बायको शेवंताबाई चूल पेटवून वाट बघत होती. तिला वाटलं, पाहुणी हवापालटाला आलीय. पाहुणीनं पिशवीतून दोन वाट्या काढल्या. डाव्या पायाला अर्क मिसळलेलं तेल लावलं, उजव्याला नुसतं खोबरेल.

"आक्का, दोन्हीला औषध लावा की," शेवंताबाई म्हणाली.

"मग कळायचं कसं?"

आणि कॅम्पातली ती दुकानदारीण, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून, छत्री उघडून, गुरं जायच्या वाटेवरच्या गवतात अर्धा तास उभी राहिली. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. एकीनं शेवंताबाईला हळूच विचारलं, "ह्यास्नी घरच्यांनी सोडलंय काय?"

अर्ध्या तासानं मोजणी झाली. उजव्या पायाला सात जळवा. डाव्याला एकही नाही.

अंबुबाईंनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. "सात! सात हाईत गं शेवंता! आणि इकडं बघ, कोरा!" शेवंताबाई जळवा सोडवायला मीठ घेऊन धावली, तर अंबुबाई तिला थांबवत होत्या: "थांब, आधी परत एकदा मोजू दे." रक्ताचे ओघळ वाहत होते आणि बाई लग्नाला आल्यासारख्या हसत होत्या. सासरी आल्यापासूनच्या एकोणपन्नास वर्षांत त्यांनी आपल्या औषधाचा गुण डोळ्यांनी पहिल्यांदा बघितला होता.

रात्री मात्र शंका आली. जळवांना मुळात डावा पायच आवडत नसला तर? म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी पाय बदलले. डाव्याला पाच, उजव्याला एक, आणि ती एकही, कल्लाप्पाच्या मते, चुकून आलेली. अंबुबाईंनी वहीत 'एक' असंच लिहिलं.

परतल्यावर दोन्ही घोट्यांना पट्ट्या बांधून त्या थेट प्रशिकच्या कचेरीत गेल्या. त्यानं वही पहिल्या पानापासून वाचली. मधे कुठंतरी त्यानं चष्मा काढून पुसला.

"मावशी, हे फार नीट केलंय तुम्ही. आमच्याकडं येणाऱ्या कागदांपेक्षा नीट."

"मग छापू लेबलावर?"

प्रशिक अवघडला. "जळू चावणं हा रोग नाही. आमच्या खात्यात ते बसत नाही. कीटकांच्या औषधांचं खातं वेगळं. तिथं विचारा हवं तर. पण ते म्हणतील, जळू हा कीटक नाही."

"मग हाय तरी काय ती?"

प्रशिकला ते शाळेत शिकवलं होतं, पण आठवेना.

अंबुबाई दुसऱ्या खात्यात गेल्या नाहीत. दोन महिन्यांच्या आत त्यांनी नवं लेबल छापलं. पुढं मिशा, मागं तीन विकार, खाली भरपूर पिवळा कागद. जुनी लेबलं त्यांनी बंबात घातली. सुरुवातीला गिऱ्हाइकं बाटली उलटसुलट करून विचारायची, "डुप्लिकेट न्हाय न्हवं?" मारुतीरावांना यादीतून गुडघा गेल्याचं वाईट वाटलं, पण रुमालाचं काम चालू राहिलं. जयाबाई आता उघडपणे कसरीसाठी मागतात आणि स्टुलावर पहिल्यापेक्षा जास्त वेळ बसतात. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या एका माणसाला अंबुबाईंनी बाटली दिली नाही. ओरडून रिक्षा बोलावली आणि दवाखान्यात धाडला. तो वाचला. अर्काचं नाव झालं नाही, अंबुबाईंचं झालं.

पुढच्या पावसाळ्यात जांबोटीकडची एस्टी आली, तेव्हा कल्लाप्पा एकटा नव्हता. मागं शेवंताबाई, कुंपणाशी उभ्या असलेल्या बायका आणि त्यांच्या जावा-नणंदा, अशा अकरा जणी डोक्यावरची पानांची इरली झटकत दुकानापुढं उभ्या राहिल्या. अंबुबाईंनी एकेकीला बाटली दिली.

शेवटच्या बाईनं बाटली कनवटीला लावता लावता विचारलं, "आक्का, ह्ये कंबरंला चालतंय काय वं?"

"मागं लिव्हलंय ते वाच," अंबुबाई म्हणाल्या. "आणि वाचता येत न्हाय तर इथं बस. मी वाचून दावते."