स्टोव्हवाला आणि उडणारा माणूस

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या दादाला, सिनेमाचं वेड होतं. फौजेत भरती होण्याआधी तो सायकलवरून सांगलीला जाऊन सिनेमा बघून यायचा आणि दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजताना आम्हाला अख्खी गोष्ट सांगायचा. मारामारी, गाणी, व्हिलनचं हसणं, सगळं करून दाखवायचा. शेवटी आपलं मत द्यायचा आणि ते मत आमच्या घरात पक्कं धरलं जायचं. तो भिकार म्हणाला की सिनेमा भिकार.

एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी त्याची जवानांनी भरलेली गाडी एका डोंगरी रस्त्यावर दरीत उलटली. गोळी लागली नाही, शत्रू दिसलासुद्धा नाही. पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. पुण्याच्या इस्पितळात कितीतरी महिने काढून तो घरी आला तो खाटेवरच. त्याच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले बायकोजवळ काढलेले दिवस म्हणजे सुट्टीतले तेवढे.

वहिनी माणदेशातली. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला थोडी. दादाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे इस्पितळातल्या बाईने एकदा दाखवलं आणि तिने शिकून घेतलं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि एखादा गडी असे दोघे लागायचे तिथं ती एकटीच त्याला उचलायची.

आता सिनेमा सांगायचं काम माझ्याकडे आलं. शाळेच्या सहलीत म्हणा, मावशीकडे सांगलीला गेल्यावर म्हणा, मी जे काही बघून येई ते मला दादाच्या खाटेशी बसून सांगावं लागे. मधलं काही गाळलेलं त्याला चालायचं नाही. आणि न बघितलेल्या सिनेमावर तो मत द्यायचाच.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी जत्रेला तंबूतला सिनेमा आला. मराठी, विनोदी, आणि फार चावट अशी त्याची ख्याती गाड्यावरच्या भोंग्याच्याही आधी गावात येऊन पोचली होती. शाळेतल्या गुरुजींनी पारावर सांगितलं की असला घाणेरडा सिनेमा घरंदाज बायकांनी बघू नये. त्याचा परिणाम असा झाला की जत्रेच्या संध्याकाळी बायकांची बाजू पुरुषांच्या बाजूपेक्षा आधी भरली. आमची आईसुद्धा निघाली. वहिनी नको म्हणत होती, पण दादाच म्हणाला, जा, मी काय पळून जात न्हाई.

सिनेमाचा नायक दारोदार फिरून स्टोव्ह दुरुस्त करायचा. बस्स, एवढीच गोष्ट. पण प्रत्येक घरातली बाई आपल्या स्टोव्हची तक्रार सांगायची आणि तो पिन, पंप, वात यांच्याविषयी असं काही बोलायचा की अख्खा तंबू आडवा व्हायचा. मला निम्मं कळत नव्हतं. आजूबाजूच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या म्हणून मीही हसत होते. आई मान खाली घालून हसत होती, फक्त खांदे हलत होते. वहिनीने आधी तोंडावर पदर धरला होता. नंतर तो सुटला आणि तिला परत धरायची आठवणच राहिली नाही. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तिचे दात इतके सुंदर आहेत हे मला त्या तंबूत कळलं.

घरी आलो तर दादा अंगणात खाटेवर वाट बघत होता. तंबू जवळच होता. भोंग्यातले शब्द घोगरे होऊन पोचत होते, पण लोकांचं हसणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणजे दोन अडीच तास तो नुसतं हसणं ऐकत पडला होता.

“बस हितं,” तो मला म्हणाला. “सुरुवातीपास्नं सांग.”

मी बसले. एक स्टोव्हवाला असतो, एवढं म्हणाले आणि पुढे तोंडच उघडेना. कुठली बहीण भावाला ते सांगणार? दादा म्हणाला, अगं लोक एवढी बोंबलून हसत होती ती कशाला? मी म्हटलं, तो पडला. कसा पडला? असाच पडला. आई तोवर स्वयंपाकघरात शिरून भांडी वाजवायला लागली होती. आबा तंबाखू मळत दाराबाहेर गेले.

दादाचा चेहरा उतरला. त्याच्या वाट्याला तेवढी एक गोष्ट उरली होती आणि तीही मला देता येत नव्हती. मला रडू यायला लागलं.

तेव्हा वहिनी आली, खाटेच्या कडेला बसली आणि सांगायला लागली. खालच्या आवाजात, पण एकही शब्द न गाळता. स्टोव्हवाल्यासारखा आवाज काढून, बायकांसारखी मान वेळावून. दादाला आधी विश्वासच बसेना. मग तो हसायला लागला. इतका हसला की खाट करकरायला लागली. वहिनीही सांगता सांगता हसत होती. “आनि मग ती बाई म्हनती,” ती म्हणाली, “आवं, माजा इस्टो पेटतच न्हाई.”

दादा हसत हसतच म्हणाला, “आपलाबी इझलाच की गं.”

वहिनीचं हसणं थांबलं. दादाचंही थांबलं. त्याने तिच्या मनगटाकडे हात नेला, पण ती जरा लांब बसली होती आणि त्याला पुढे सरकता येत नव्हतं. तिने क्षणभर तो हात तसाच पाहिला आणि मग स्वतःच पुढे सरकून त्याच्या हातात हात दिला. मला काय झालं ते तेव्हा कळलं नाही. एवढंच कळलं की आता इथं बसायचं नाही. मी उठून आईकडे गेले. आईने भांडी वाजवणं थांबवलं होतं.

त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर वहिनीचा भाऊ आला. बहीण तरणी आहे, पोरबाळ नाही, तिला माहेरी घेऊन जातो असं त्याने आबांना फार सभ्यपणे सांगितलं. दादाच खाटेवरून म्हणाला की न्या, तिचं हितं काय हाय. सगळे वहिनीकडे बघायला लागले. ती म्हणाली, “ह्यांना दुपारी कुशीवर कोन वळवनार?” आणि आत निघून गेली. भाऊ जेवून परत गेला.

मी पुढे सांगलीला मावशीकडे राहून कॉलेजात शिकायला लागले. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा सांगलीत तो इंग्रजी सिनेमा लागला, उडणाऱ्या माणसाचा. शहरात दुसरा विषय नव्हता. अंगावर गोळ्या घेतो, आगगाडी उचलतो, ढगातून जातो. पोरं खांद्याला टॉवेल बांधून कट्ट्यावरून उड्या मारत होती. मी तो अजून बघितला नव्हता, नुसतं ऐकलेलं सुट्टीत घरी येऊन दादाला सांगितलं तर तो म्हणाला, “ह्यो मला सोताला बघायचाय.”

इतक्या वर्षांत त्याने काही मागितलं नव्हतं. आबांनी ओळखीच्या माणसाची जीप आणली. दुपारच्या खेळाला आबा, जीपवाला, वहिनी आणि मी असे दादाला घेऊन गेलो. थिएटरच्या पायऱ्यांवरून त्याला उचलून नेताना लोक बाजूला होत होते. कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, फौजी हाय, लढाईत जखमी झालाय. दादाने डोळे मिटून घेतले. डोअरकीपरने रांगेच्या टोकाची खुर्ची रिकामी करून दिली आणि वहिनी त्याला टेकू द्यायला शेजारी बसली.

भाषा कळत नव्हती, पण कळायची गरजही नव्हती. माणूस उडत होता आणि थिएटर शिट्ट्यांनी फुटत होतं. त्याने जळत्या इमारतीच्या गच्चीवरून एका बाईला अलगद उचलून आणलं. मग माणसांनी भरलेली एक बस घाटातल्या कठड्यावरून कोसळली. ती खाली जात असताना तो तिच्याखाली गेला आणि दोन्ही हातांवर झेलून त्याने ती परत रस्त्यावर ठेवली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी दादाकडे पाहिलं. तो खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता आणि त्याला घामाच्या धारा लागल्या होत्या. ही बस या सिनेमात आहे हे मला माहीत नव्हतं. पण आता ते सांगून काय उपयोग? मधेच बाहेर न्यावं तर पुन्हा चौघांनी उचलायचं, पुन्हा सगळ्यांनी बघायचं. आम्ही शेवटपर्यंत बसून राहिलो.

जीप सांगलीबाहेर पडल्यावर आबांनी विचारलं, कसा वाटला?

“त्याला लागतच न्हाई,” दादा म्हणाला. “त्याला भ्या वाटायचं कारन काय? आमी सगळी वरडत हुतो खाली जाताना. मी लय वरडलो.”

हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. आबांनी खिडकीबाहेर तोंड केलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण कॉलेजात शिकलेलं काहीच कामाला आलं नाही. म्हणून मी वहिनीला विचारलं, तुला आवडला का?

“मला आवडला,” ती म्हणाली. “त्या गच्चीवरच्या बाईला काय करावं लागलं न्हाई. नुसती धरून राहिली.”

पलूसच्या पुढे तिला झोप लागली. डोकं दादाच्या खांद्यावर कललं. रस्ता खराब होता. दादाने जीपवाल्याला हळूच सांगितलं, “सावकाश घ्या.”

त्यानंतर दादा फार जगला नाही. पुढच्या थंडीत मूत्रपिंडाचं दुखणं बळावलं, मिरजेला नेलं आणि तो तिकडेच गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनीचा भाऊ पुन्हा आला. या वेळी वहिनी निघाली. तिने कपाटातलं आवरलं, दादाच्या खाटेवरचं अंथरूण धुऊन वाळत घातलं आणि आईच्या पाया पडली. आईला ना थांब म्हणता आलं, ना जा म्हणता आलं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. वहिनीची ट्रंक उचलायला तिचा भाऊ वाकला, तेवढ्यात आबांनी ती खांद्यावर घेतली. सुनेचं सामान सासऱ्याने वाहून नेलेलं गावात कोणी पाहिलं नव्हतं. थांब्यावर एस. टी. लवकर येत नव्हती. आबांनी ट्रंक खाली ठेवलीच नाही. लांबून गाडीचा आवाज येईपर्यंत ते तसेच तिच्या शेजारी उभे होते.