धागा तुटल्यावर

नातीने माझं शिलाई मशीन उघडून ठेवलंय. तेलाचा वास घरभर झालाय. "आजी, खालचा दोरा वर कसा येतो?" सकाळपासून तिचं हेच चाललंय. डॉक्टर तिच्या या स्वभावाला ॲस्पर्जर म्हणतात, स्वमग्नतेचाच एक प्रकार. आमच्या ताईच्या वेळी, सत्तरच्या दशकातल्या भिवंडीत, हा शब्द कुणाला ठाऊक होता?

ताईला बघायला पाहुणे आले होते. मुलाचे निजामपुऱ्यात लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग होते. मान खाली घालून बस आणि विचारतील तेवढंच बोल, असं आईने ताईला बजावलं होतं. पण मुलगा समोर बसला, त्याच्या कपड्यांना येणारा लूमच्या तेलाचा वास तिला आला, आणि ताईने मान वर केली.

"धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. त्याला कसं कळतं?"

मुलगा नुसताच हसला. ताईने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. त्याची आई अर्धा चहा टाकून उठली. "पोरीचं डोकं ठिकाणावर न्हाय."

पाहुणे गेले. आई आत रडत होती. ताई नव्या साडीतच दारात उभी राहिली, गल्लीकडे बघत.

"ताई, आत चल ना."

"थांब गं. ते लूम बघायला गेलेत. आता येऊन सांगतील."