अर्धी दाढी

“झालं साहेब,” म्हणत धाकट्यानं वस्तरा पुसला.

नाक्यावरचं सलून दोघा भावांचं. थोरला केस कापी, दाढी मात्र धाकट्याकडे. वय एकतीस, हात लोण्यासारखा मऊ. खुर्चीतले पोस्टमास्तर आठ वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी आरशात पाहिलं. एक गाल गुळगुळीत, दुसरा फेसानं पांढराफेक.

“आज अर्धीच? संपबिंप आहे की काय?”

“झाली की पुरी!”

हे हसतात कशाला, धाकट्याला कळेना. शिवाय साहेबांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात मघापासून पडला होता, ओल्या टॉवेलसारखा.

“दादा, हात काढ ना तुझा.” शब्द जिभेवरून घसरत होते.

थोरला पलीकडच्या खुर्चीपाशी. “अरे, तुझाच आहे तो!”

“छे! माझा कसा असेल?”

“रात्रभर मोबाईल बघत बसायचं आणि सकाळी हे असं! जा, आत आडवा हो. साखरपाणी देतो.”

पोस्टमास्तर अंगावरचं कापड फेकून उठले. “घोटभरही पाजू नकोस, श्वासनळीत जाईल! ए, हस बघू. दोन्ही हात वर कर.”

धाकटा हसला, हातही वर केले. निदान त्याला तसं वाटलं. ओठाचा एक कोपरा खालीच ओघळलेला राहिला, हात एकच वर गेला.

“मेंदूचा झटका आहे. ॲम्ब्युलन्स बोलाव.”

“काहीतरीच काय साहेब! तो काय म्हातारा आहे?”

“माझी बायकोही म्हातारी नव्हती. अडतीस वर्षांची होती. पडून राहिली की बरं वाटेल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो आम्ही शहाणे. अजून भरवतो मी तिला. लाव फोन!”

पुढचं धाकट्याला तुकड्यातुकड्यांनी दिसलं. छत, दिवे, पुन्हा छत. एवढी धावाधाव कुणासाठी? दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली असतील.

“गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण ते ठरावीक वेळेच्या आतच देता येतं. शेवटचा धड कधी होता हा?”

थोरल्यानं आठवून पाहिलं. एकाच दुकानात, दोन हातांच्या अंतरावर उभा होता, पण लक्ष कुणाचं होतं?

पोस्टमास्तरांनी स्वतःच्या गालावर, वाळून पापुद्रा झालेल्या फेसावर बोट ठेवलं. “साबण त्यानं दोन्ही गालांना लावला. तेव्हा सव्वादहा. मला बँक गाठायची होती, घड्याळाकडेच डोळे होते माझे.”

“आत्ता अकरा. वेळ आहे,” म्हणत बाई स्कॅनकडे धावल्या.

संध्याकाळी धाकट्यानं डोळे उघडले. पायथ्याशी थोरला, शेजारी पोस्टमास्तर. त्यानं त्यांचा चेहरा बराच वेळ निरखला. कपाळाला आठी पडली.

“साहेब, हा गाल कुठल्या गाढवानं सोडला?”

थोरल्याला हसावं की रडावं समजेना.

“ओळखीतलंच आहे,” पोस्टमास्तर म्हणाले. “आता बोटं हलव बघू.”

चादरीवरचं एक बोट जरासं हललं. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. हात बहुधा आपलाच असावा.